निमित्ताचे उत्तरदायित्व

शिष्याच्या यशात गुरूचा वाटा किती, या प्रश्नाला वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या एकाच गावात नांदलेल्या दोन परंपरांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. दत्तात्रेयांचे अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान असून, त्यांची महती सांगणाऱ्या ‘गुरुचरित्रा’त गुरुकृपेने शिष्याचे प्रारब्ध, म्हणजे भोगास आलेले पूर्वकर्माचे फळही, पालटते. याच गावी दिगंबर जैनांची भट्टारकपीठे होती आणि १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन झाले. जैन मतानुसार मात्र प्रत्येक जीव आपले कर्म स्वतःच बांधतो व स्वतःच त्याचा क्षय करतो.

जैन विचारात कारणाचे दोन प्रकार मानले जातात : जे स्वतः कार्यरूप होते ते उपादान आणि ज्याच्या सान्निध्यात कार्य घडते ते निमित्त. घट मातीचाच होतो, कुंभार निमित्त असतो. तसेच गुरूचे आहे. क्रीडाप्रशिक्षकाची दीर्घ कारकीर्द या विचाराची कसोटी पाहते, कारण तिचे मोजमाप इतरांच्या कामगिरीवरून होते. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या गोल्फ संघाने डेव्ह विल्यम्स यांच्या प्रशिक्षणाखाली १६ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली व ते १९८७ मध्ये निवृत्त झाले. परंतु गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, टोला खेळाडूलाच मारावा लागतो, आणि त्या विजयांतला एकही टोला विल्यम्स यांचा नव्हता. मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडवणारे, १९९० च्या द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते.

गुरू केवळ निमित्त असेल, तर तो जबाबदारीतून सुटतो काय, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील हिंसेच्या व्याख्येत सापडते, कारण ती प्राणहानीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, प्रमादावर, म्हणजे कषायांनी (क्रोध, लोभ आदी विकारांनी) ग्रासलेल्या बेसावधपणावर भर देते. विजेतेपदाच्या लोभाने जखमी खेळाडूला मैदानात उतरवणारा प्रशिक्षक, तो खेळाडू जिंकला तरी, स्वतःच्या प्रमादाचे कर्म बांधतोच. उलट, पूर्ण जागरूकतेने शिकवूनही शिष्य हरला, तर त्या पराभवाचा दोष गुरूला लागत नाही. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे गीतेचे प्रतिपादनही याच दिशेने जाते.

म्हणून दत्तसंप्रदायाचे उत्तर खोटे ठरत नाही. ते शिष्याच्या बाजूने खरे आहे. शिष्याने जे मिळाले ते गुरुकृपा मानणे ही कृतज्ञता होय, पण गुरूने त्यावर हक्क सांगणे हा अहंकार होय. आचरेकरांचे शिष्य सचिन तेंडुलकर यांनी २०१३ मधील निरोपाच्या भाषणात सांगितले, की आपण गाफील होऊ नये म्हणून आचरेकर सरांनी ‘छान खेळलास’ असे कधी म्हटले नाही. सरांच्या त्या मौनात शिष्याला अप्रमादाकडे नेण्याची आस्था होती, आणि ती आस्था ओळखणे हे शिष्याचे काम होते.

यावरून असे म्हणावे लागते, की प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचे नैतिक मूल्य विजेतेपदांच्या संख्येवरून ठरवणे अपुरे आहे, कारण ती संख्या शिष्यांच्या कर्तृत्वाची आहे. ज्यांच्या हाती एकही पदक आले नाही, त्या शिष्यांनाही त्याने तितक्याच सावधपणे व निर्लोभपणे शिकवले काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वस्वी त्याचे स्वतःचे असते.