नाटकातले अश्रू

रात्री सुरू झालेले ‘संगीत कान्होपात्रा’ संपले तेव्हा दीड वाजून गेला होता. बसून बसून गुडघे आखडले होते आणि रुमाल ओला झाला होता. नांदेडहून हदगावला परतायला पहाटेच्या एस. टी. शिवाय गत्यंतर नव्हते. स्टँडवरच्या बाकावर बसल्या बसल्या मनात आले, मी रडलो तो कुणासाठी?

कथा तर आजीच्या तोंडून ऐकलेली. मंगळवेढ्याच्या श्यामा नायकिणीची ही मुलगी. आमच्या सीमेपलीकडच्या बेदरचा बादशहा तिला बोलावणे धाडतो आणि ती पंढरपुरात देवाच्या पायांशी प्राण सोडते. ना. वि. कुलकर्ण्यांचे हे नाटक १९३१ साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांनी कान्होपात्रा उभी केली. शेवट असा पाठ असूनही डोळे भरतात, याचे कारण अभंग. एरवीचे पद आपण ऐकतो. अभंग मात्र मनातल्या मनात म्हणू लागतो. माझ्या शेजारचे गृहस्थ तर हात जोडून बसले होते.

ही भक्ती म्हणावी, की नुसते रडण्याचे सुख?

मला एकाएकी माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिची आई तमाशात नाचत असे. हजेरीपट भरताना मी भर वर्गात विचारले होते, “बापाचं नाव काय गं?” ती गप्प. मी पुन्हा विचारले. मुले हसली, आणि मी त्यांना दटावले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. मी चौकशीलाही गेलो नाही.

पाचशे वर्षांपूर्वीच्या नायकिणीच्या मुलीसाठी रडणे सोपे असते. ती आपल्याकडे काहीच मागत नाही. तिचा भार विठ्ठलाने घेतलेला असतो. वर्गातल्या मुलीचा भार मात्र माझ्यावर होता.

तरी ते अश्रू खोटे होते असे मी म्हणणार नाही. ते आले नसते तर ती पोरही आठवली नसती. देवळातून काय, नाटकातून काय, माणूस घरी काय घेऊन जातो, यावरच त्या अश्रूंचे मोल ठरते.

पहाटे एस. टी. आली. अभंगाची चाल ओठांवर येत होती, पण गुणगुणण्याचा धीर होईना.

हल्ली नव्या मुलाला मी वर्गात फक्त त्याचे नाव विचारतो. बाकीचे मधल्या सुट्टीत, एकट्याला. एवढ्याने ते ऋण फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.