भार कुठे गेला?

पहाटेचे पावणेपाच. लेक दूध पिऊन खांद्यावर पडली आहे, ढेकर अजून यायचा आहे. समोरच्या इमारतीच्या टाकीवर दयाळ गातोय. एप्रिल म्हणजे त्याचा ऐन बहराचा काळ. या हिवाळ्यात माझी भिगवणची फेरी बुडाली. उजनीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. यंदाही आले, राहिले आणि मला न भेटता परत गेले. त्याची हळहळ मी महिनाभर केली. सध्या माझं पक्षीनिरीक्षण या खिडकीएवढंच आहे, आणि त्यात दयाळ फुकट मिळतो.

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. म्हणजे नकाशा आर्किटेक्टचा, पैसा बिल्डरचा आणि इमारत उभी राहील ना, ही काळजी माझी. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा ‘आता वेळ आपल्या हातात’ असं वाटलं होतं. मूल झाल्यावर त्यातला विनोद कळला. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण ती नोकरदार बाईला. कन्सल्टंटला रजा कोण देणार? बिल निघालं नाही की महिना कोरडा. बापाचं म्हणाल तर केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्याला १५ दिवस देतं, खासगी कंपनीवर तशी सक्ती नाही. नवऱ्याला आठवडा मिळाला, त्यातले तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर गेले.

बाळाला बघायला आलेलं प्रत्येक माणूस विचारतं, “कसं गं सांभाळतेस सगळं?” आणि उत्तराची वाट न बघता, “बॅलन्स हवा बाई,” असं म्हणून डिंकाचा लाडू उचलतं.

हा शब्द मला खटकतो, आणि तो व्यवसायामुळे. इमारतीत आम्ही समतोल शोधत बसत नाही, भाराचा माग काढतो. गच्चीवरच्या टाकीचं वजन स्लॅबवर, स्लॅबचं बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलमचं पायावर आणि तिथून जमिनीत. जमिनीपर्यंत पोचेस्तोवर माग सोडायचा नाही. कारण भार नाहीसा होत नाही. इथे दिसत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर असतो.

लेक सहा आठवड्यांची होती तेव्हाची गोष्ट. वाघोलीच्या साइटवर स्लॅब भरायचा होता. सळई तपासल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, हा माझाच नियम. आदल्या रात्री मुकादमाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. “मॅडम, सगळं ड्रॉइंगप्रमाणे आहे. तान्हं बाळ टाकून कशाला येता?” मी एका हाताने लेकीला थोपटत दुसऱ्या हाताने ‘ओके’ लिहिलं आणि त्यानंतर झोप उडाली ती उडालीच. गॅलऱ्यांचे फोटो वरून काढलेले होते. गॅलरी एकाच बाजूला धरलेली असते. तिच्यात ताण येतो तो वरच्या अंगाला, म्हणून सळईही वरच लागते. पण कामावरची माणसं तिच्यावरून चालतात, ती दबून खाली बसते, आणि वरून काढलेल्या फोटोत हे अजिबात कळत नाही.

सकाळी सातला मी, आई, लेक आणि दुपट्यांची पिशवी अशी सगळी वरात साइटवर. आई लेकीला घेऊन कडुलिंबाखाली गाडीत बसली. मी वर चढले. दोन गॅलऱ्यांची सळई खरंच खाली बसली होती. ती उचलून नीट आधार देईपर्यंत काँक्रीटच्या गाड्या दोन तास पुढे ढकलाव्या लागल्या. काँट्रॅक्टर दिवसभर माझ्याशी धड बोलला नाही.

मला मात्र स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. सव्वा महिना नुकता उलटलेली बाई शिडी चढून चूक पकडते म्हणजे काय! संध्याकाळी ते कौतुक सांगायला आईकडे गेले. ती भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाली, “आज मंगळवार होता ना गं?”

आई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मंगळवारी चार वाजता तिचं भजनी मंडळ भरतं आणि पेटी तीच वाजवते. लेक झाल्यापासून तिने एकाही मंगळवारी मंडळात पाऊल टाकलं नव्हतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. मंडळ सध्या पेटीवाचून, नुसत्या टाळांवर चाललं होतं. बुडालेल्या भिगवणची मी घरभर हळहळ केली होती. हिच्या सहा मंगळवारांची मला खबरही नव्हती. दहा वर्षं दुसऱ्यांच्या इमारतीतले भार शोधते आहे, आणि माझं ‘सगळं सांभाळणं’ कुठे जाऊन टेकलंय ते तोवर मोजलं नव्हतं.

ताज्या स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे, हे आयएस ४५६ मध्ये चक्क दिवसांत लिहिलेलं आहे. गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. तिसऱ्या दिवशी खालच्या फळ्या काढता येतात, पण टेकू लगेच परत लावायचे. घाई करणारा काँट्रॅक्टर मला रागीट म्हणतो, म्हणू दे. बाळंतिणीच्या बाबतीतही घाई करणारे भेटतात. “आता चार महिने झाले की,” हे वाक्य मी या आठवड्यात तीनदा ऐकलं. मला अजून टेकू लागतो, हे सांगायला लाज वाटत नाही. पण साइटवरच्या टेकूची सुटका कोणत्या तारखेला, हे आधी ठरलेलं असतं. आईशी आम्ही तसं काहीच ठरवलं नव्हतं.

मग ठरवलं. मंगळवारी नवरा सकाळी सातलाच कामाला बसतो आणि तीन वाजता लॅपटॉप मिटतो. त्याच्या साहेबांना ते फारसं रुचलेलं नाही. मी मंगळवारी साइट घेत नाही. त्यापायी एका बिल्डरला नाही म्हणावं लागलं, आणि त्या कामाची रक्कम मला अजून शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ आहे. भिगवण पुढच्या हिवाळ्यावर गेलं. तोवर लेक वर्षाची होईल, दुर्बिणीला चाटेल बहुतेक.

उजाडलं. ढेकर आला, दयाळ गप्प झाला. मुकादमाचा मेसेज येऊन पडलाय: तिसऱ्या मजल्याच्या बीमची सळई बघायला कधी येता? उद्या सकाळी आठला, असं कळवलंय. आज मंगळवार आहे. चार वाजता आई पेटी उघडेल.