डॉक्टर येईपर्यंत

(महाडच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या बाई आणि पोलादपूरच्या डोंगरात नुकतीच रुजू झालेली परिचारिका.)

धाकटी : बाई, समजा रात्रपाळीला मी एकटी आहे. लाल विंचू चावलेलं पोर आलं. गावात विंचू उतरवून घेण्यात दोन तास गेलेत. अंग घामानं निथळतंय, उलट्या होताहेत, हातपाय गार. डॉक्टर बाळंतिणीला घेऊन महाडला गेलेत, फोनला रेंज नाही. कपाटात प्राझोसिनची गोळी आहे. देऊ का?

बाई : नुसती कळ असती तर?

धाकटी : नसती दिली. हातपाय गार म्हणजे विषानं रक्तवाहिन्या आवळल्यात; प्राझोसिन त्या सैल करतं. नाही दिली तर पुढं फुफ्फुसात पाणी भरेल.

बाई : हे बघायला डॉ. हिंमतराव बावसकरांनी शिकवलं, आपल्याच बिरवाडीच्या केंद्रात. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लक्षणांवरचा लेख १९८२ चा, प्राझोसिनवरचा १९८६ चा. आधी रोग्याच्या उशाशी बसणं, मग औषध. गोळी दिल्यावर काय करशील?

धाकटी : वजनाप्रमाणे देईन. पोराला उठू देणार नाही, आईनं कडेवर घेतलं तरी बीपी कोसळेल. हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा.

बाई : मग अडलंय कुठं?

धाकटी : अधिकारावर. गोळी लिहून देणं माझं काम नाही.

बाई : मी दिली असती. आणि केसपेपरवर लिहिलं असतं : आदेशाविना दिली, वेळ, मात्रा, नाडी, सही.

धाकटी : म्हणजे माझ्याच हातानं माझ्याविरुद्ध पुरावा!

बाई : नाही लिहिलंस तर पोर पुढं महाडला नेल्यावर तिथला डॉक्टर तीच गोळी लगेच पुन्हा देईल. तुझी नोकरी वाचेल, पोर जाईल.

धाकटी : पटलं. पण पोर दगावलं तर नोंदणी माझी जाणार, नातेवाईक माझ्या अंगावर येणार. रेंज नाही, दुसरा डॉक्टर नाही, हे मी ठरवलेलं नाही. सगळं धाडस नर्सनंच का करायचं?

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सगळं नर्सवर टाकणं, हे मात्र चूक आहे.”

मला धाकटीचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं. बाईंचं धैर्य खरं, पण त्यावर आरोग्य केंद्र चालवणं हा अन्याय आहे. तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती : कोणत्या लक्षणांवर, किती मात्रा, कुणी द्यायची, हा स्थायी आदेश आजच लिहा, खाली सही करा आणि ड्यूटी रूमच्या भिंतीवर लावा.