‘बरं’ कसं लिहायचं?

मराठीतला ‘बरं’ हा शब्द फार धोकादायक आहे. होकाराचं बरं वेगळं, ‘कळलं, आता पुरे’वालं बरं वेगळं, आणि भांडण संपलेलं नाही पण फोन ठेवायचाय, अशा वेळचं लांबवलेलं बरं तर पूर्ण वेगळं. फोनवरचा आवाज आपोआप अक्षरांत उतरवणारं सॉफ्टवेअर या तिन्हींसाठी एकच शब्द लिहितं. त्याला दोष देता येत नाही, पत्रातही तो शब्द तसाच लिहिला गेला असता.

पण पत्र लिहिणाऱ्याला आपण लिहितोय हे माहीत असतं. सूर पोचणार नाही तिथे तो एक वाक्य जास्तीचं घालतो. व्हॉइस नोट पाठवणाऱ्याची भिस्त आवाजावरच असते, आणि पलीकडे ती वाचली जाणार आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉइस मेसेज अक्षरांत वाचायची सोय जाहीर केली. हे काम फोनमध्येच होतं, कंपनीलाही तो मजकूर दिसत नाही, आणि ज्याला मेसेज आला फक्त त्यालाच तो वाचता येतो. खासगीपणाच्या दृष्टीने हे चांगलंच. फक्त एक माणूस बाहेर राहतो, जो बोलला तो. आपल्या तोंडी काय घातलं गेलंय हे त्याला कधीच कळत नाही.

‘ऐकण्यातली माया वाचण्यात कुठे’ असे उसासे टाकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवणारा समोरच्याची सात मिनिटं न विचारता घेत असतो, आणि लोकलच्या गर्दीत ती वाचून घेणाऱ्याला निर्दयी म्हणायचं कारण नाही. शिवाय ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं काय? गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ २०१९मध्ये आलं ते कर्णबधिरांसाठी, तेही कर्णबधिरांच्याच गॅलॉडेट विद्यापीठाच्या सहकार्याने. ‘आवाज ऐकलाच पाहिजे’ हा आग्रह धडधाकट कानांच्या लोकांना परवडतो.

तरी काहीतरी खुपतं, आणि ते नेमकं काय हे शोधायला हवं. २००९ साली ब्रिटनमध्ये स्पिनव्हॉक्स नावाच्या कंपनीवरून गदारोळ झाला. व्हॉइसमेलचे एसएमएस करून देणं हा तिचा धंदा. परदेशातल्या कॉल सेंटरमधली माणसं ऐकून मेसेज टाइप करतात, अशी बातमी बीबीसीने दिली. माणसांची मदत घेतो हे कंपनीलाही मान्य होतं, वाद होता तो किती प्रमाणात यावर. लोक चिडले, कारण तिऱ्हाइताने आपलं बोलणं ऐकलं. चिडणं रास्तच. पण त्या तिऱ्हाइताला बोलणाऱ्याचा हुंदका निदान कळू शकत होता, आणि समजलं नाही तर जागा कोरी सोडता येत होती.

यंत्राला जागा कोरी सोडणं जमतंच असं नाही. ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ या प्रणालीवर अ‍ॅलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२४मध्ये आला. तपासलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी सुमारे १ टक्क्यात व्हिस्परने कोणी न बोललेली वाक्यं घातली होती, काही तर हिंसेची. जिथे बोलणाऱ्याच्या शांतता लांब, तिथे हे जास्त. लांब शांतता कोणाच्या असतात? मेंदूला इजा होऊन ज्यांची वाचा अडखळते त्यांच्या. याच कोनेके यांच्या २०२०च्या अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या प्रणाली अमेरिकेतल्या गोऱ्यांचे शंभरातले सरासरी १९ शब्द चुकवत होत्या, कृष्णवर्णीयांचे ३५. म्हणजे ज्याचं बोलणं आधीच कमी ऐकून घेतलं जातं, त्याच्याच वाट्याला जास्त चुका.

मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे नुसतं कानावर पडणं नव्हे. ‘माझं ऐक’ म्हणजे मान्य कर. ‘ऐकून घे’ म्हणजे थोडा दम धर. आणि ऐकताना कधीही ‘काय म्हणालास? परत सांग’ म्हणता येतं. ही परतफेरी मला सगळ्यात मोलाची वाटते. समोरच्याचं नीट न कळल्याची जबाबदारी त्यात आपण स्वतःवर घेतो. स्क्रीनवरचा मजकूर असं विचारत नाही. तो चुकीचं वाक्यही बरोबर वाक्याइतक्याच ठळकपणे दाखवतो, आणि वाचणारा त्यावरून राग धरून बसतो. (कानाडोळा हा शब्द बनवणाऱ्याला हे आधीच दिसलं असावं.)

पूर्वी निरोप्या यायचा. त्याच्या तोंडून आलेलं बोलणं आपण जसंच्या तसं धरत नव्हतो. ‘ती नेमकं काय म्हणाली?’ असं खोदून विचारायचो. फोनवरच्या या मजकुराला निरोप्याएवढीच किंमत द्यावी. भाजीची यादी, गाडीची वेळ खुशाल वाचा. पण माफी असेल, पैसे असतील, दवाखाना असेल, किंवा ‘नाही’ असा शब्द असेल, तर बोट प्लेच्या बटणावर जायला हवं, एवढं आपण बोलणाऱ्याला देणं लागतो.

कंपन्याही थोडं देणं लागतात. व्हॉइस मेसेज ऐकला गेला की पाठवणाऱ्याला माइकची खूण निळी झालेली दिसते. तसाच आपल्या बोलण्याचा वाचला गेलेला मजकूरही त्याला दिसू द्यावा, म्हणजे ‘अगं, मी असं म्हणाले नव्हते’ असं त्याच दिवशी कळवता येईल.