कुंडीतली क्षारपड

कृष्णाकाठी, सांगलीच्या पलीकडे एका गावात आबांची आठ एकर काळी जमीन होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. जमीनही तशीच होती म्हणा. ऊस असा यायचा की कारखान्याचा शेतकी अधिकारी मुद्दाम बांधावर थांबून चहा घ्यायचा. "आमच्या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटतीया," हे आबांचं ठरलेलं वाक्य. गावात ते कुणी खोडून काढत नसे, कारण नदीकडचा दोन एकरांचा तुकडा सोडला तर ते बरंचसं खरं होतं.

आबांची धाकटी सून मुक्ता सावंतवाडीकडची. तिच्या माहेरी घरामागे आंब्या-फणसाची झाडं, आणि पावसाच्या तोंडाला त्यांच्या फांद्यांवरून सीतेची वेणी लोंबायची. मातीचा कणही नसताना फुलणारी आमरी बघतच ती मोठी झाली, त्यामुळे झाडावर वाढणाऱ्या ब्रोमेलियाडचं तिला कधी नवल वाटलं नाही. लग्नानंतर तिने परड्यात शेडनेट ताणून लहानशी रोपवाटिका मांडली. एका बाजूला गुझमानिया, निओरेजेलिया, एकमिया ही अननसाच्या कुळातली मंडळी, म्हणजे ब्रोमेलियाड. दुसऱ्या बाजूला एचेवेरिया, हावर्थिया, अडेनियम ही पानाखोडात पाणी साठवणारी. या दुसऱ्यांना सगळे सक्युलंट म्हणतात, आपणही तेच म्हणू.

सुनेचा हिरमोड करायचा आबांचा स्वभाव नव्हता. पण कुंड्यांत नारळाच्या सोडणांचे तुकडे, कोळसा आणि खडे भरलेले बघून त्यांचा जीव तुटायचा.

"पोरी, ह्ये काय खायला घातलंयस त्यास्नी? दगडं?"

"आबा, यातली निम्मी मूळची दगडातच वाढतात. बाकीची झाडावर."

"नाइलाजानं वाढत्यात गं. चांगली माती मिळाली तर कोण दगडात जाईल?"

ऐकायला हे बिनतोड आहे. म्हणूनच घात झाला.

भाऊबीजेला मुक्ता माहेरी गेली आणि बहिणीच्या बाळंतपणामुळे महिनाभर तिकडेच अडकली. इकडे आबांनी मनावर घेतलं, आणि त्यांनी घेतलेलं काम कधी अर्धवट राहत नाही. शेतातली सगळ्यात कसदार माती त्यांनी घमेल्या-घमेल्यांनी आणली, त्यात कुजलेलं शेणखत निम्म्यास निम्मं मिसळलं. पाणी तुंबू नये म्हणून प्रत्येक कुंडीच्या तळाला खडीचा थरही दिला. एकेक रोप काढून मुळांना चिकटलेला काथ्या झटकला, पानांच्या बेचक्यापर्यंत रोप मातीत बसवलं आणि अंगठ्याने दाबून घट्ट केलं. मग रोज सकाळी झारीने पाणी. ब्रोमेलियाडच्या पानांमधल्या पेल्यात पाणी साचलं की डास होतील म्हणून ते ओतून टाकायचं, माती मात्र ओली ठेवायची.

हे सगळं नेमकं उलटं होतं. रानात ही ब्रोमेलियाड बहुतेक करून फांदीवर बसतात. मुळांचा उपयोग मुख्यतः फांदी धरून ठेवायला. पाणी पितात ती पानांनी, पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून, आणि पानांमधला पेला हाच त्यांचा हौद. डासांची भीती खोटी नाही, पण त्यासाठी चार-पाच दिवसांनी कुंडी आडवी करून जुनं पाणी ओतावं आणि ताजं भरावं. शक्यतो पावसाचं. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग पानांवर बसतात.

मुक्ता परतली ती थेट परड्यात गेली. एचेवेरियाची खालची पानं पिवळट, आरपार दिसणारी झाली होती. एका पानाला बोट लावलं तर ते गळून पडलं. रोप उचललं तर ते नुसतंच हातात आलं, मुळं मातीतच राहिली. निओरेजेलियाचं मधलं पान तिने अलगद ओढलं. ते सुटून आलं, बुडाशी तपकिरी आणि कुजका वास मारणारं. रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाला या वासाचा अर्थ सांगावा लागत नाही.

आबा मागे उभे होते. "माती चांगली होती गं," एवढंच म्हणाले.

मुक्ताने एक कुंडी उलटी करून थापटली. कुंडीच्या आकाराचा काळा गोळा तसाच उभा राहिला. तळातली खडी बऱ्यापैकी कोरडी, आणि तिच्या लगेच वरची माती इतकी ओली, की आबांनी दाबली तर बोटांमधून पाणी आलं.

"खाली खडी टाकलीया की! मग पाणी गेलं का न्हाई?"

हा प्रश्न खूप जणांना पडायला हवा, कारण कुंडीच्या तळाला खडी घालायची रीत घरोघरी आहे. बारीक मातीच्या सूक्ष्म पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात. खाली जाड खडी आली म्हणून ते सहज सुटत नाही. वरची माती पुरती भिजून जड होईपर्यंत तिथेच अडकतं. म्हणजे खडीमुळे ओल कमी होत नाही, उलट मुळांच्या आणखी जवळ येते. निचरा हवा असेल तर कुंडीभर जाडसर मिश्रण हवं, तळाला थर देऊन भागत नाही.

मुक्ता हे समजावून सांगत बसली नाही. तिने विचारलं, "आबा, नदीकडच्या दोन एकरांना काय झालं होतं?"

आबा गप्प झाले. ती गोष्ट त्यांनी स्वतःच तिला कितीदा तरी सांगितली होती. नदीचं पाणी शेतावर आलं तेव्हा सगळ्यांनी उसाला वर्षानुवर्षं मनमुराद पाजलं. खालची पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षारही वर आले, आणि एका उन्हाळ्यात जमीन पांढरी फटक पडली. कृष्णा-वारणाकाठी अशा क्षारपड जमिनी गावोगाव आहेत. आबांनी कर्ज काढलं, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले, पाणी ओढ्यात काढून दिलं, तेव्हा कुठे काही वर्षांनी ऊस पुन्हा उभा राहिला. 'जमीन उपाशी नव्हती, गुदमरली होती,' असं ते पारावर सांगायचे.

बराच वेळ ते त्या काळ्या गोळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्या कुंडीत क्षारपड केली."

इथे गोष्ट संपवली तर सून शहाणी आणि सासरा अडाणी असा हिशेब होईल, आणि तो चुकीचा आहे.

वाचलेली रोपं मुक्ताने नव्याने लावली आणि सक्युलंटच्या कुंड्या उन्हात पत्र्यावर मांडल्या. सक्युलंटसाठी तिने एका परदेशी व्हिडिओतलं मिश्रण घेतलं होतं. सत्तर टक्के प्युमिस आणि परलाइट, बाकी थोडं कोकोपीट. पुण्याहून महागाची पोती मागवली. थंडीत सगळं छान चाललं. चैत्र सरता सरता पारा चाळिशीकडे गेला आणि रोपं सुरकुतायला लागली. मुक्ताने पाणी वाढवलं, भर उन्हातही घातलं. मग वाटलं, मुळं पुन्हा कुजत असतील, म्हणून परलाइट आणखी वाढवलं. व्हिडिओतल्या बाईंच्या गावी उन्हाळा म्हणजे आपला श्रावण असावा, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आबांनी यावेळी कशाला हात लावला नाही. दोन दिवस फक्त पहाटे आणि दुपारी कुंड्या उचलून वजन बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सकाळचं पाणी दुपारी ऱ्हात न्हाई पोरी. कुंडी काळी, पत्रा तापलेला, आणि आत धरून ठेवायला कायबी न्हाई. मुळं भाजत्यात."

नदीकाठच्या वीटभट्टीवरून ते पक्क्या भाजणीच्या फुटक्या विटा घेऊन आले. कच्ची वीट पाण्यात विरघळून चिखल होते, म्हणून प्रत्येक तुकडा ठोकून, आवाज ऐकून निवडला. घणाने फोडून दोन चाळण्यांतून चाळला. हरभऱ्यापासून ज्वारीपर्यंतचे तुकडे ठेवले आणि भुकटी फेकली, कारण तीच पोकळ्या बुजवते. वीट पाणी पिते आणि हळूहळू सोडते, आणि तुकड्यांच्या मधून हवा खेळती राहते. चार घमेली वीट, दोन जाड वाळू, दोन चांगलं मुरलेलं गांडूळखत असं ठरलं. अडेनियमच्या कुंडीत एक मूठ काळी माती घालायची परवानगी आबांनी मागून घेतली, आणि अडेनियमने ती मानवून घेतली. पत्र्यावरच्या कुंड्या खाली सावलीत आल्या. पाणी दुपारचं बंद होऊन संध्याकाळी, तेही मिश्रण वाळल्यावरच. यातली बरीचशी झाडं पानांची रंध्रं रात्री उघडतात, दिवसा मिटून बसतात. दुपारी पाजून त्यांना फारसं काही मिळत नाही. ब्रोमेलियाडसाठी मात्र मुक्ताचंच खरं ठरलं. माहेरची सोडणं भिजवून, दोन-तीनदा धुऊन क्षार काढायचे, तुकडे करायचे आणि त्यात कोळसा आणि थोडी वीट.

पावसाळ्यात वाचलेल्या एका गुझमानियाचा लाल तुरा तपकिरी पडला आणि पानं मलूल झाली. आबा घाबरले. "म्या तर हातबी लावला न्हाई!"

"तुमचं काही नाही आबा. हे एकदाच फुलतं आणि मग हळूहळू संपतं. बुडाशी बघा."

बुडाशी दोन कोवळी पिल्लं होती. आबांचा चेहरा खुलला. "म्हंजी खोडवाच की! आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं होईपर्यंत थांबायचं आणि मगच कापायचं, हे काम तेव्हापासून आबांकडे गेलं.

मुक्ताच्या भावाने सावंतवाडीला रोपं नेली तेव्हा आबांचं विटांचं मिश्रणही मागितलं. आबांनी त्यातलं निम्मं गांडूळखत कमी केलं, वीट वाढवली आणि जूनपासून सक्युलंट पत्र्याखाली घ्यायला बजावलं. तिकडचा पाऊस त्यांनी लेकाच्या लग्नात बघितला होता.

आता सांगली-कोल्हापूरहून गिऱ्हाइकं येतात आणि तयार मातीचं पोतं मागतात. तसं पोतं या रोपवाटिकेत मिळत नाही. वीट, वाळू, सोडण, कोळसा, खत अशी वेगवेगळी घमेली मांडलेली असतात. कुंडी कुठे ठेवणार, ऊन किती तास, गॅलरीचं तोंड कुठल्या दिशेला आणि पाणी कोण घालणार, एवढं सांगितलं की आबा समोर मिसळून देतात. दिशा ठाऊक नसेल तर रोप बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला आधी घरी जाऊन बघून यायला सांगतात.