रिकाम्या खोगिराचा स्वार

हिंजवडीच्या आयटी पार्काबाहेर रोज सकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तिथून तासा-दीड तासावरच्या आळंदीहून आषाढी वारीला निघणाऱ्या पालखीपुढे मात्र आजही घोडे चालतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ते येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच नाही. हा माउलींचा, म्हणजे संत ज्ञानेश्वरांचा अश्व. रिंगणात तो धावला की त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात.

घोडा मुळात बुजरा. आवाज झाला की पळायचे, हे त्याच्या रक्तातच. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात त्याने स्थिर राहायचे, तर सराव हवा. मग प्रश्न उरतो: हे त्याचे मन जिंकणे की मोडणे?

कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी आहे. घोडे सोडून द्या, असे तिथे कोणी सांगत नाही. रथ चालतो तो त्यांच्याच बळावर.

मन न मोडता जिंकण्याची एक रीत अमेरिकेत दिसते. तिथे १९७१च्या कायद्याने रानघोड्यांना संरक्षण मिळाले. कळप वाढले की सरकार काही घोडे पकडून दत्तक देते. त्यांना माणसाळवणारा जाणता शिक्षक दडपण आणतो आणि घोड्याने एक पाऊल जवळ टाकताच ते काढून घेतो. शिकवण त्या सुटकेत असते.

आपल्याकडचा, भीमा-नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा रानटी नव्हे. २०२३मध्ये स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली. धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो मेंढरांबरोबर रानोमाळ चालतो. त्याच्याही पाठीवर बहुधा स्वार नसतो.