काखेतली घडी

बसा. आंबिवलीच्या फलाटावरचा एखादा बाकही चालेल. कसाऱ्याची गाडी आत्ताच गेली, पुढचीला अवकाश आहे.

उजवा हात डाव्या काखेत न्या. कुणी बघेल असं वाटलं तर ओढणी पुढे घ्या. बोटांना एक घडी लागेल. स्तनात इम्प्लांट बसवताना काही सर्जन याच घडीतून आत जातात. तीन-चार सेंटिमीटरचा छेद, त्यातून दुर्बीण, आणि छातीच्या स्नायूखाली सावकाश मोकळी केलेली जागा. सिलिकॉनचं इम्प्लांट सरकवायला केकवर क्रीम काढायच्या पिशवीसारखं नरसाळं असतं. वण काखेत राहतो, स्तनावर काहीच दिसत नाही.

हात तिथेच असू द्या. वण लपवायचा आहे तो कुणापासून? घाई नको. उत्तर नाही आलं तरी चालेल.

1962 साली ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसी या बाईला पहिली सिलिकॉन इम्प्लांट बसवली. ती दवाखान्यात गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. तिला स्वतःला हवं होतं ते कानांचं ऑपरेशन. स्तनांचं डॉक्टरांनी सुचवलं. मी या गोष्टीपाशी दर वेळी अडखळते. कॅन्सरमध्ये स्तन गेलेली बाई परळच्या टाटा हॉस्पिटलात हीच वस्तू मागते, तेव्हा तिचा प्रश्न निराळा असतो.

आता श्वास घ्या. छाती किती वर येते, तेवढंच बघा.

इथून जवळ, मोहोन्याला, एनआरसीचा कारखाना होता. लाकडाच्या लगद्याचा दाट रस बारीक भोकांतून आम्लात सोडला की रेयॉनचा धागा बाहेर यायचा. 2009 मध्ये तो बंद पडला. शरीरातलं विणकाम असं बंद पडत नाही. इम्प्लांट आत गेलं की शरीर त्याला परकं ओळखतं आणि कोलॅजेनच्या धाग्यांची पिशवी त्याच्याभोवती विणतं. बहुतेकींची ती मऊ राहते. काहींची आवळते, मग स्तन कडक होतो, दुखतो. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो, पण छेद बारीक घेतला म्हणून हे विणणं टळत नाही. 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने खडबडीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली. त्यांच्याशी जोडलेला लिम्फोमा हा दुर्मिळ कॅन्सर याच पिशवीत वाढत होता.

हात खाली घ्या. खांदा सैल सोडा.

इम्प्लांट जन्माला पुरत नाही. अमेरिकेची एफडीए सांगते की सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, नंतर दर दोन-तीन वर्षांनी. तेव्हा छेद कुठे घेणार हे सर्जनला विचाराल, त्याच बैठकीत कंपनी कोणती आणि पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, हेही विचारा. आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. घरच्या कागदपत्रांत, रेशनकार्डाशेजारी ठेवा.